घरात एकाची पत असली की झालं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई सांगलीकडच्या, वय चौतीस. भारतात त्या एका सहकारी बँकेत कर्जाची प्रकरणं पाहायच्या. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे कुटुंब न्यू जर्सीत आलं. त्या स्वतः एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहेत, म्हणजे नोकरीची परवानगी नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबर हा इथला सरकारी ओळख क्रमांकही नाही. भारतात त्यांचा सिबिल स्कोअर ८०० च्या वर होता. इथे मात्र नवऱ्याचे क्रेडिट कार्डाचे दोन अर्ज फेटाळले गेले आणि नव्या घराच्या मालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. गाडीच्या डीलरने १८,००० डॉलरच्या कर्जाला १६ टक्के व्याज सांगितलं. डॅलसमध्ये राहणारा मावसदीर जामीन राहायला तयार आहे. एक मित्र म्हणतो, कार्डावर दर महिन्याला थोडी बाकी ठेवा, व्याज भरलं की स्कोअर वाढतो. स्वतःच्या नावावर काहीतरी असावं असं ताईंनी म्हटल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या नावावर कशाला? घरात एकाचं असलं की झालं." त्या विचारतात: मावसदिराला जामीन घ्यावं का? आणि कमाई नसताना स्वतःच्या नावाचा आग्रह धरणं हा हट्टीपणा आहे का?

---

ताई,

तुम्ही कर्जाच्या टेबलावर बसलेल्या आहात, म्हणून एक फरक लगेच ओळखाल. थकबाकीदाराची फाइल वेगळी आणि ज्याची फाइलच उघडलेली नाही तो अर्जदार वेगळा. तुमचे यजमान दुसऱ्या प्रकारात मोडतात. पत्रात तुम्ही लिहिलं आहे, "इथे आमच्यावर विश्वास नाही." तसं नाही. त्यांच्या संगणकात तुम्ही अजून उमटलेलाच नाहीत. हा फरक मनाच्या समाधानासाठी सांगत नाही. खराब फाइल सुधारण्याचे उपाय आणि कोरी फाइल भरण्याचे उपाय वेगळे असतात आणि लोक तुम्हाला दोन्हींची सरमिसळ करून सांगतायत.

अमेरिकेत इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंकडे कर्जफेडीची ही नोंद जमते. गंमत म्हणजे सिबिलची मालकीही ट्रान्सयुनियनकडेच आहे, तरी तिकडची नोंद इकडे आपोआप येत नाही. कर्ज देणारे बहुतेक जण फायको स्कोअर पाहतात. तो ३०० ते ८५० या पट्ट्यात असतो आणि निघण्यासाठी फाइलमधलं किमान एक खातं सहा महिन्यांचं झालेलं असावं लागतं. नवं कार्ड घेणाऱ्याला हे सहा महिने चुकत नाहीत. क्रेडिट कर्मासारख्या ॲपवर त्याआधीच एखादा आकडा दिसू लागेल, पण तो व्हँटेजस्कोअर नावाचा वेगळा स्कोअर असतो. गाडीचा डीलर किंवा गृहकर्ज देणारी बँक बहुतेक वेळा तो पाहत नाही.

म्हणून आधी यजमानांना सांगा, नकाराचं कारण कळल्याशिवाय तिसरा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दोन वर्षं राहते, फायको त्यातलं पहिलं वर्ष मोजतो. अर्ज फेटाळताना बँकेला कारण कळवावंच लागतं. ती दोन पत्रं शोधून वाचा. "क्रेडिट इतिहास अपुरा" असं असेल तर पुढचा मार्ग सरळ आहे. "ओळख पडताळता आली नाही" असं असेल तर अडचण नावात किंवा पत्त्यात आहे. हे दुसरं कारण आपल्या लोकांना फार छळतं, आणि त्याचं मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं जोडून येतात. मग एक बँक मधलं नाव वेगळं काढते, दुसरी जोडून लिहिते, तिसरी गाळते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल आणि पदवीचे कागद माहेरच्या नावाचे असतील तर गोंधळ आणखी वाढतो. ब्युरोच्या संगणकाला ही दोन माणसं वाटू शकतात आणि एकाच्या दोन अर्धवट फाइली तयार होतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: सोशल सिक्युरिटी कार्डावर, ते नसेल तर पासपोर्टवर, जसं नाव आहे तसंच ते बँक, भाडेकरार, फोन कंपनी, सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये लिहायचं. पत्त्यातला अपार्टमेंट नंबरसुद्धा दर वेळी त्याच जागी.

यजमानांसाठी पहिलं पाऊल सिक्युअर्ड कार्डाचं. २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवायची, तेवढंच बहुधा कार्डाचं लिमिट. व्यवहार नीट राहिला तर पुढे बँक अनामत परत करून साधं कार्ड देते. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथेच आधी विचारा, नाहीतर जवळच्या क्रेडिट युनियनमध्ये. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थेसारखी सभासदांची संस्था, तुम्हाला समजावून सांगायला नको. घेण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: तिन्ही ब्युरोंना कळवता का, वार्षिक फी किती, आणि साध्या कार्डात बदल किती महिन्यांनी पाहता. प्रीपेड कार्ड आणि डेबिट कार्ड दिसायला तसंच असतं, पण त्यातून इतिहास बनत नाही. कोऱ्या फाइलवाल्यांना हेरून फीने लुटणारी कार्डंही आहेत. कायद्याने पहिल्या वर्षाच्या फीला लिमिटच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे ३०० डॉलरच्या लिमिटवर ७५ डॉलर फी कायद्यात बसते. बसते म्हणून द्यायची नसते.

आता मित्राचा सल्ला. बाकी ठेवून व्याज भरल्याने स्कोअर वाढत नाही. ब्युरोला व्याज भरलं की नाही हे कळतच नाही. दर महिन्याला जातं ते एवढंच: खातं चालू आहे, लिमिट इतकं, स्टेटमेंट निघालं त्या दिवशी रक्कम इतकी, पैसे वेळेवर आले. बहुतेक कार्डांवर व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं, आणि बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होतं. या सल्ल्यात खरं असलेलं एवढंच की कार्ड वापरात हवं. महिन्यातून एकदा पेट्रोल किंवा फोनचं बिल त्यावर टाकलं तरी पुरे.

लिमिटचा किती भाग वापरला याला फायकोमध्ये मोठं वजन आहे: वेळेवर परतफेडीला ३५ टक्के आणि थकीत रकमेच्या बाजूला ३० टक्के. तुमच्याकडे लिमिट ३०० डॉलर आणि महिन्याचा किराणा २५० चा असेल, तर बिल वेळेवर पूर्ण भरूनही ब्युरोकडे "८३ टक्के वापर" असंच जातं, कारण स्टेटमेंटच्या दिवशी तेवढी रक्कम दिसत होती. यातून सुटायचं तर ड्यू डेटची वाट न पाहता स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी बरीचशी रक्कम भरून टाकायची, २०-३० डॉलर राहू द्यायचे. मात्र याची धास्ती घेऊ नका. सध्या जास्त वापरात असलेल्या फायकोला मागच्या महिन्यांचा वापर आठवत नाही. तो फक्त ताजा आकडा पाहतो. कर्जाच्या अर्जाआधीचा महिना सांभाळला तरी चालतं.

फायको विसरत नाही अशी गोष्ट एकच, उशीर. एक-दोन दिवस उशीर झाला तर लेट फी लागते, पण ३० दिवस उलटले की ती नोंद ब्युरोकडे जाते आणि सात वर्षं तिथे राहते. ऑटोपे लावा आणि लावताना "मिनिमम" सोडून "स्टेटमेंटची पूर्ण रक्कम" निवडा. यात एक खड्डा आहे: स्टेटमेंट निघाल्यावर ऑटोपे लावलं तर पुष्कळदा ते पुढच्या महिन्यापासून लागू होतं आणि चालू बिल तसंच राहतं. पहिलं बिल हाताने भरा.

गाडीचं गणित तुम्ही माझ्यापेक्षा पटकन कराल, तरी नजरेसमोर असू द्या. १८,००० डॉलर, पाच वर्षं, १६ टक्के: हप्ता सुमारे ४३८ डॉलर, एकूण व्याज ८,२०० च्या पुढे. तेच कर्ज ७ टक्क्यांनी: हप्ता सुमारे ३५६, व्याज साधारण ३,४००. जवळजवळ पाच हजार डॉलरचा फरक, तेव्हा मावसदिराचा प्रस्ताव मोहात पाडणारच. तो प्रामाणिक आहे यात शंका नाही. शंका ही की त्याला काय पुढे येणार आहे ते ठाऊक आहे का. जामीन राहिल्यावर पूर्ण कर्ज त्याच्याही अहवालात दिसतं. उद्या तो डॅलसमध्ये घर घ्यायला गेला की तुमचा ४००-एक डॉलरचा हप्ता त्याचाच खर्च म्हणून मोजला जाऊ शकतो. तुमच्या यजमानांची नोकरी गेली, व्हिसाचा प्रश्न उभा राहिला आणि परत जावं लागलं, तर वसुलीसाठी बँक त्याच्याकडे जाईल. सांगलीत जामीनदारांचे चेहरे तुम्ही पाहिले असतील.

माझं मत: जामीन नको. मावसदिराला मदत करायचीच असेल तर त्याने आपल्या एखाद्या जुन्या, स्वच्छ कार्डावर यजमानांना अधिकृत वापरकर्ता म्हणून जोडावं आणि ते प्लास्टिक स्वतःच्या कपाटातच ठेवावं. खातं यजमानांच्या अहवालात दिसू लागतं, कायदेशीर देणं मात्र मूळ कार्डधारकाचंच राहतं, आणि कधीही एका फोनने नाव काढता येतं. काही कर्जदाते अशा उसन्या इतिहासाला कमी महत्त्व देतात, पण कोऱ्या फाइलपेक्षा तो बरा. हे नात्यातच करायचं. पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या कार्डावर नाव लावून देणारे दलाल भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी वापरायला "सीपीएन" नावाचा आकडा विकणारे तर सरळ फसवणूक करतात, आणि अर्जावर तो लिहिणारा स्वतःच अडकतो.

आणि १८,००० चीच गाडी का, हेही एकदा बसून बोला. जपानी बनावटीची जुनी गाडी आवाक्यात असेल तर रोखीने घ्या. कर्ज लागणारच असेल तर रक्कम लहान ठेवा, मुदतपूर्व फेडीवर दंड नाही हे करारात पाहा, आणि डीलरकडे जाण्याआधी दोन-तीन क्रेडिट युनियनमध्ये दर विचारा. गाडीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत केलेल्या अनेक चौकशा फायको एकच धरतो. नव्या आवृत्त्यांत ही मुदत ४५ दिवसांची आहे, जुन्या आवृत्त्यांत १४ दिवसांची, म्हणून दोन आठवड्यांत उरका. वर्षभराने स्कोअर आला की कमी दराने कर्ज बदलूनही घेता येतं. विम्याचाही विचार असू द्या: न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवताना क्रेडिटची नोंद पाहतात, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथे तशी मुभा नाही.

घरमालकाचं लवकर आटोपतं. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मालक स्वतः राहतो आणि भाड्याची स्वतंत्र बिऱ्हाडं दोनहून जास्त नाहीत, अशा छोट्या घरांना यात सवलत आहे. तुमची जागा मोठ्या संकुलात असेल तर तीन महिन्यांची मागणी कायद्यात बसत नाही. ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट पुढे करा आणि नियम सौम्यपणे दाखवा. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपापला नियम पाहावा. न्यूयॉर्कमध्ये मर्यादा एका महिन्याची आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. "घरात एकाचं असलं की झालं" या वाक्यात एक चुकीची समजूत आहे. अमेरिकेत नवरा-बायकोचा मिळून असा स्कोअर नसतो. लग्नाने फाइली जोडल्या जात नाहीत, संयुक्त बँक खात्यानेही नाही, कारण बचत-चालू खात्यांची माहिती या ब्युरोंकडे जातच नाही. उद्या तुम्हाला कामाची परवानगी मिळाली, यजमान आजारी पडले, दोघांना वेगळ्या शहरांत राहावं लागलं, कुठलंही कारण असो, त्या दिवशी तुमची फाइल कोरी असेल आणि पुन्हा सहा महिन्यांपासून सुरुवात. हे यजमानांना संशयाच्या सुरात सांगायची गरज नाही. पुढे दोघांच्या उत्पन्नावर घर घ्यायचं ठरलं तर दोघांचेही अहवाल पाहिले जातात, हे कारण पुरेसं आहे. (घराच्या विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी: मे २०२५ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्यांना एफएचए या सरकारी गृहसंस्थेच्या विम्याचं कर्ज मिळत नाही. कमी स्कोअरवाल्यांची ती वाट आता तुमच्यासाठी नाही, तेव्हा नेहमीच्या गृहकर्जासाठी भक्कम नोंद लागेल.)

कमाई नाही ही अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. २०१३ पासूनच्या नियमानुसार २१ वर्षांवरच्या अर्जदाराला कार्डाच्या अर्जात असं उत्पन्नही लिहिता येतं जे त्याला वापरायला मिळेल अशी वाजवी अपेक्षा आहे. म्हणजे यजमानांचा पगार ज्या संयुक्त खात्यात येतो आणि तुम्ही घरखर्चाला वापरता, तो. गृहिणींना स्वतःच्या नावाने कार्ड मिळावं यासाठीच ही सुधारणा झाली. म्हणून पहिलं काम संयुक्त खात्याचं. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी परदेशी नागरिकाचं खातं पासपोर्टवर उघडण्याची मुभा बँकांना आहे. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा.

दुसरं काम, यजमानांचं सिक्युअर्ड कार्ड आलं की त्यावर तुमचं नाव अधिकृत वापरकर्ती म्हणून घाला. जोडण्याआधी फोन करून नेमकं विचारा: सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या वापरकर्त्याची माहिती तुम्ही ब्युरोंना देता का? काही बँका नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवर देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्या कार्डावर नाव घालून उपयोग नाही.

तुमचा भारतातला ८०० चा इतिहास अगदीच वाया गेला असंही नाही. अमेरिकन एक्स्प्रेसच्या काही कार्डांच्या अर्जात नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातला क्रेडिट अहवाल जोडता येतो. त्याने इथल्या ब्युरोत जुनी वर्षं जमा होत नाहीत, फक्त दार उघडायला मदत होते. यजमानांची भारतातली नोंद स्वच्छ असेल तर त्यांनीही सिक्युअर्ड कार्डाआधी हा पर्याय पाहावा. मात्र तिकडची नोंद जिवंत आणि निर्मळ हवी: भारतातलं एखादं कार्ड विसरून त्याची वार्षिक फी थकली, ओटीपी येणारं सिम बंद पडलं, बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करायचं राहून हप्ता परत गेला, असल्या किरकोळ गोष्टींनी तो स्कोअर घसरतो.

बँकेत होतात म्हणून भिशी तुम्हाला माहीत असेलच, न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या परिसरात एखादी सापडेलही. घरगुती भिशी कुठल्या ब्युरोत दिसत नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोची मिशन ॲसेट फंड ही ना-नफा संस्था तीच पद्धत बिनव्याजी कर्ज म्हणून लिहून घेते आणि प्रत्येकाचा हप्ता ब्युरोंना कळवते. तुमच्या भागात असं काही नसेल तर क्रेडिट युनियनचं क्रेडिट-बिल्डर कर्ज पाहा: ५०० ते १,००० डॉलर संस्था तुमच्या नावाने अडकवून ठेवते, तुम्ही वर्षभर हप्ते भरता, शेवटी रक्कम हातात येते. थोडं व्याज जातं, म्हणून कार्ड मिळत असेल तर याची घाई नको.

यातल्या बऱ्याच दारांवर तुम्हाला आयटीआयएन मागतील. नोकरीची परवानगी नसलेल्यांना कर भरण्यासाठी मिळणारा हा नंबर. काही बँका आणि अनेक क्रेडिट युनियन त्यावर कार्ड देतात. तो सहसा सुटा मागता येत नाही. डब्ल्यू-७ हा फॉर्म संयुक्त कर विवरणपत्राला जोडून पाठवायचा असतो, म्हणजे तुमच्यासाठी पुढचा जानेवारी ते एप्रिल. नंबर यायला कर हंगामात दोन महिने किंवा जास्तही लागतात. पहिल्या वर्षी तुमची करस्थिती कशी धरायची याचा निर्णय कर सल्लागाराला विचारून घ्या, आणि सल्लागार निवडतानाच तो आयआरएसचा, म्हणजे इथल्या कर खात्याचा, प्रमाणित स्वीकृती प्रतिनिधी आहे का ते पाहा. तसा असेल तर तो पासपोर्ट समोर पाहून प्रमाणित करतो. नाहीतर मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायची वेळ येते आणि दोन-तीन महिने तो तुमच्याकडे नसतो, हे एच-४ वर असताना परवडणारं नाही.

पुढे यजमानांच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवर कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला, तर एच-४ वरूनही कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो आणि तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर मिळेल. त्या दिवशी आयआरएसला पत्राने कळवून आयटीआयएन बंद करायचा, आणि प्रत्येक बँकेला व तिन्ही ब्युरोंना नवा नंबर लेखी द्यायचा. तोवर जमवलेली नोंद जुन्या नंबरावर अडकून पडली तर एकत्र करण्याची मागणी करा. चुकीची नोंद हरकतीनंतर साधारण ३० दिवसांत तपासणं ब्युरोला बंधनकारक आहे. तिन्ही अहवाल ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या अधिकृत संकेतस्थळावर दर आठवड्याला फुकट मिळतात. सुरुवातीला तिथे "फाइल सापडली नाही" असं आलं तर घाबरू नका. पहिल्या खात्याची नोंद पोहोचायला महिना-दोन महिने लागतात.